बॉडी की लेन्स? कमी पैशात पहिला कॅमेरा घेणाऱ्या गोंयकारांसाठी

चवथ जवळ आली की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात, "दादा, तीस-चाळीस हजार जमवलेत, कुठला कॅमेरा घेऊ?" आणि कॅमेरा म्हणजे डोक्यात फक्त बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, असते. लेन्स म्हणजे काय तर बॉक्समध्ये जी येईल ती. मग सगळे पैसे नवीन बॉडीत घालायचे, चवथीला आरतीचे फोटो काढायचे, ते मोबाइलपेक्षा वाईट यायचे, आणि दिवाळीपर्यंत कॅमेरा कपाटात. बरेच कॅमेरे असेच कपाटात गेलेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे कमी असतील तर बॉडी जुनी, वापरलेली घ्यायची आणि वाचलेले पैसे लेन्सला ठेवायचे. हे यूट्यूबवर सगळेच सांगतात, वर "लेन्स आयुष्यभर टिकते" हेही सांगतात, पण सांगणारे कोरड्या शहरात बसलेले असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते तिथे लेन्स आपोआप टिकत नाही, टिकवावी लागते. म्हणून माझ्या सल्ल्याला दोन अटी आहेत, एक माउंटची (बॉडीला लेन्स जिथे जोडतो ती जागा) आणि एक ओलीची. दोन्ही खाली येतील, क्रमाने जाऊ.

पायरी १ : वर्षभरात काय काढणार ते कागदावर लिहा

"सगळंच काढायचंय" हे उत्तर धरणार नाही. गोव्याचं वर्ष डोळ्यांसमोर आणा आणि लिहा. शिगम्याचा रोमटामेळ, घोडेमोडणी, चित्ररथ, हे संध्याकाळी तापतं आणि रात्री उशिरापर्यंत चालतं, रस्त्यावरच्या दिव्यात, आणि सगळं हलत असतं. चवथीची आरती आणि फुगडी, घरातल्या ट्यूबलाइटमध्ये. दिवजां रात्री. दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुर. जत्रेतलं नाटक तर सुरूच होतं आपण जांभया द्यायला लागल्यावर. लिहून काढलं की कळतं, आपल्याकडचं काढण्यासारखं बरंचसं काळोखातलं किंवा घरातलं आहे.

दुसऱ्या बाजूला करमळीचं तळं, चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, मोलेचं जंगल. हे सगळं लांबून काढायचं काम. आणि तिसरा प्रकार म्हणजे तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन देऊळ, सत्तरीतले धबधबे, किनारे, जुनी घरं, कॅफेतल्या डिशेस, होमस्टेचे फोटो. यात विषय जागचा हलत नाही, त्यामुळे इथे कुठलाही कॅमेरा चालतो. खरंच कुठलाही.

प्रत्येक ओळीपुढे एक शब्द टाका: काळोख, लांब, किंवा स्थिर. ज्या शब्दाची गर्दी जास्त, पैसे तिकडे.

पायरी २ : बिघडलेले फोटो उघडून बघा

ही पायरी कोणी करत नाही आणि खरं उत्तर इथेच असतं. मोबाइलवर किंवा मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर काढलेले, न आवडलेले फोटो घ्या आणि त्यांची माहिती उघडा, गॅलरीत डिटेल्सवर गेलं की शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), आयएसओ (कॅमेऱ्याने उजेड किती वाढवून घेतला), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडलं) सगळं दिसतं.

माणूस हलल्यामुळे फोटो पुसट झालाय आणि शटर १/३० किंवा त्याहून मंद दिसतंय, तर उजेड कमी पडला, म्हणजे लेन्सचा प्रश्न. फोटो दाणेदार आहे, आयएसओ ६४०० च्या पुढे गेलाय, तेच, लेन्स. खंड्या फोटोत तांदळाएवढा दिसतोय, तर पोच कमी, परत लेन्सच. उजेड भरपूर होता, शटरही वेगवान होतं आणि तरी फोकस पक्ष्याऐवजी मागच्या झाडावर गेला, तर मात्र बॉडीचा दोष असू शकतो, तुमचाही असू शकतो. आकाश पांढरं फटक आणि देऊळ काळं, तर यात बॉडी पण नाही नि लेन्स पण नाही, एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) शिकायचं बाकी आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

कोणाचा किट लेन्सवाला (बॉक्समधल्या लेन्सचा) कॅमेरा आठवडाभर मिळाला तर अजून एक करा. १८-५५ लेन्स ३५ वर ठेवा आणि रिंगला हात न लावता अख्खा दिवस काढा, दुसऱ्या दिवशी ५० वर. कुठल्या दिवशी कमी चडफडलात ते बघा, तीच तुमची पहिली प्राइम लेन्स. प्राइम म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेन्थची (एमएमचा आकडा, मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं).

पायरी ३ : उजेडाचा हिशोब, एकदाच समजून घ्या

बॉक्समध्ये येणारी १८-५५ लेन्स झूम करून ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडतं. स्वस्तातली ५० एमएम किंवा ३५ एमएम प्राइम एफ १.८ पर्यंत उघडते. आकडा लहान तेवढं भोक मोठं, आणि उजेड त्या आकड्याच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे ५.६ भागिले १.८ करा आणि वर्ग घ्या, साधारण साडेनऊ-पावणेदहा येतं. जवळजवळ दहापट उजेड, फक्त लेन्स बदलून.

आता हे नाटकावर लावा. नट हात फेकून संवाद म्हणतोय, त्याचा हात पुसट येऊ नये म्हणून शटर १/२०० तरी हवं. समजा रंगमंचाच्या दिव्यात एफ ५.६ ला त्यासाठी आयएसओ १२८०० लागला. त्याच जागेवरून, त्याच बॉडीवर, एफ १.८ ला आयएसओ १२५०-१३०० मध्ये काम होतं. पहिल्या फोटोत नटाच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसेल, दुसरा छापून फ्रेम करता येईल. (फ्लॅश मारू नका हो. नटांना त्रास होतो आणि पहिल्या रांगेतली मंडळी मागे वळून बघतात.)

आता बॉडीकडून काय मिळतं ते बघा. साध्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाच्या लहान आकाराचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) असतो. त्याच्या जागी महागडी फुल फ्रेम बॉडी घेतली तर सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन ते अडीचपट होतं, म्हणजे उजेडाचा फायदा सव्वा स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आणि स्वस्त प्राइमने मिळतो सव्वातीन स्टॉपहून जास्त. फुल फ्रेमला पैसे किती आणि या प्राइमला किती, दुकानात विचारून बघा, हसू येईल.

मेगापिक्सेलचं पण उरकून टाकू. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० चा फोटो. ए३ कागदावर ३०० डीपीआयने छापायला ४९६१ बाय ३५०८ पुरतात. तुम्ही तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार. मेगापिक्सेलसाठी एक रुपया जास्त देऊ नका.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, एफ १.८ म्हणजे सगळ्या दुखण्यावर औषध नाही. एवढं उघडल्यावर फोकसची जाडी एकदम पातळ होते, आजीच्या डोळ्यावर फोकस केला तर कानाचं डूल पुसट. अख्ख्या खानदानाचा ग्रुप फोटो काढायचा तर एफ ४-५.६ वर यावंच लागतं. आणि गणपतीवर टांगलेली माटोळी! नारळ, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगां, रानातून आणलेली फळं, सगळं पुढून मागेपर्यंत स्पष्ट हवं तर एफ ८ लागणार, त्यासाठी बॉडीवर पैसे घालू नका, लेन्सवर पण नको, माटोळी हलत नाही, ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि पंखा बंद करा. झालं.

पायरी ४ : आधी माउंट ठरवा, बॉडी नंतर

इथे लोक सर्वात जास्त फसतात. लेन्स बॉडीला जिथे जोडतो तो माउंट, आणि तुम्ही खरं तर माउंट विकत घेताय, कारण पुढच्या सगळ्या लेन्सेस त्यालाच बसणाऱ्या घ्याव्या लागणार.

वापरलेल्या बाजारात स्वस्त पडतात ते दोन माउंट, कॅननचा ईएफ (१९८७ पासूनचा) आणि निकॉनचा एफ (१९५९ पासूनचा). दोन्ही डीएसएलआरचे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे. लोक म्हणतील डीएसएलआर संपले, कंपन्या आता मिररलेस (बिनआरशाचे) बनवतात. खरंय, कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड हे दोन्ही नवे माउंट २०१८ मध्ये आले आणि सगळं लक्ष तिकडे आहे. पण म्हणूनच तर जुनं स्वस्तात सुटतंय. लग्नाचं काम करणारे मिररलेसवर गेले आणि त्यांच्या डीएसएलआरच्या लेन्सेस बाजारात आल्या, आपल्यासारख्यांना बरं.

कॅनन ईएफ नवशिक्याला सोपा, कारण ऑटोफोकसची मोटर लेन्समध्येच असते, म्हणजे कुठलीही ईएफ ऑटोफोकस लेन्स कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर फोकस करते. एक लक्षात ठेवा, ईएफ-एस लिहिलेल्या लेन्सेस फक्त एपीएस-सी बॉडीला बसतात, फुल फ्रेमला नाही. पुढे कधी मिररलेस घेतलात तर कॅननचा अ‍ॅडॉप्टर लावून याच लेन्सेस आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. ईएफ-एम नावाचा तिसरा प्रकार दिसला, एम५० वगैरे, तर कितीही स्वस्त असला तरी विचार करा, ती लाइन कॅननने बंद केली आहे.

निकॉनमध्ये गोची आहे. डी३०००, डी५००० या मालिकांच्या, म्हणजे डी३५००, डी५३००, डी५६०० असल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. मग म्हापशाच्या एखाद्या दुकानात निकॉनची ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात दिसते, आपण खूश होऊन घेतो, आणि घरी येऊन कळतं फोकस हाताने फिरवायचा. या बॉडींना एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच लेन्स हवी. डी७००० मालिकेत मोटर आहे, तिथे जुन्या डी लेन्सेस मस्त चालतात. उलट एएफ-पी लेन्सेस डी९० सारख्या जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. म्हणजे निकॉन घेताना बॉडी आणि लेन्सची जोडी एकत्र बघायची, एक आज आणि एक पुढच्या महिन्यात असं अंदाजाने घ्यायचं नाही.

सोनीचा ई माउंट बजेट थोडं सैल असेल तर बघा. ए६००० ही २०१४ ची बॉडी अजून कामाची आहे आणि या माउंटला सिग्माच्या १६, ३० आणि ५६ एमएमच्या एफ १.४ लेन्सेस आहेत, त्या चांगल्याच आहेत. पण लेन्सेस वापरलेल्या घेतल्या तरी डीएसएलआरवाल्यांपेक्षा महाग पडतात, म्हणून पहिल्या चाळीस हजारांत मी तिकडे जाणार नाही.

कुठली प्राइम?

इथे थोडं थांबू, कारण "५० एमएम घ्या" हा सल्ला डोळे झाकून दिला जातो. एपीएस-सी बॉडीवर ५० एमएम, फुल फ्रेमच्या हिशोबात, निकॉनवर ७५ आणि कॅननवर ८० सारखी दिसते. नाटकाला, पोर्ट्रेटला, नरकासुराच्या चेहऱ्याला झकास. पण चवथीच्या खोलीत, जिथे पाठ भिंतीला टेकली आणि समोर अर्धा गाव टाळ आणि घुमट वाजवत बसलाय, तिथे ५० मध्ये गणपती आला तर घुमटवाला येत नाही. मागे सरकायला जागाच नसते.

निकॉनवाल्यांचं सोपं आहे, एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ १.८ जी, २००९ पासून मिळते, एपीएस-सीवर नॉर्मल दिसते, हलकी, वापरलेली भरपूर मिळते. मला एकच लेन्स ठेवायची तर हीच. कॅननमध्ये ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम सगळ्यात स्वस्त, जेमतेम १६० ग्रॅमची, ऑटोफोकस वेगवान नाही पण चालतो. खोलीत काम जास्त असेल तर ईएफ-एस २४ एमएम एफ २.८ एसटीएम बघा, बिस्किटाएवढी जाड आहे, उजेड ५० पेक्षा कमी घेते पण खोली मावते. दोन्ही घेता आल्या तर उत्तम.

पायरी ५ : पैसे वाटायचे कसे

भाव महिन्याला बदलतात, त्यामुळे मी कमाल मर्यादा सांगतो, तिच्या वर गेलात तर दुसरीकडे काहीतरी कापावं लागेल.

तीस हजार असतील तर: वापरलेली बॉडी किट लेन्ससकट, कॅनन २००डी किंवा निकॉन डी५३०० च्या दर्जाची, १८ हजारांपर्यंत. एक वापरलेली प्राइम ७ हजारांपर्यंत. उरलेल्या पाचात चांगलं मेमरी कार्ड, एक जास्तीची बॅटरी आणि ओलीचा बंदोबस्त. बॅगेला पैसे घालू नका, जुन्या स्कूलबॅगमध्ये टॉवेल घातला तरी चालतं.

पंचेचाळीस असतील तर मोह होतो बॉडी वरची घ्यायचा. करू नका. बॉडी तीच ठेवा आणि तिसरी लेन्स घ्या, लांबची. कॅननला ५५-२५० आयएस एसटीएम, निकॉनला एएफ-पी डीएक्स ७०-३००. निकॉनच्या या लेन्सच्या दोन आवृत्त्या आहेत, एकीत हात थरथरण्यावरचं व्हीआर आहे आणि एकीत नाही, नावात व्हीआर लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या. ३०० एमएम निकॉनच्या एपीएस-सी सेन्सरवर ४५० सारखी पोच देते, करमळीच्या बांधावरून जांभळी पाणकोंबडी बऱ्यापैकी भरते. दूरच्या फांदीवरचा धनेश मात्र तरीही लहानच राहील, त्याला सहाशेची लेन्स लागते आणि तो वेगळा संसार आहे.

नवीनच बॉडी हवी, वॉरंटी हवी, घरचे जुनं घेऊ देत नाहीत, अशी अडचण असते बऱ्याच जणांची. मग सगळ्यात साधी नवीन बॉडी घ्या, पण बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड घेऊनच. "बिलाशिवाय चार हजार कमी" म्हणणाऱ्याकडून घेतलेल्या मालाला नंतर सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी विचारत नाही.

पायरी ६ : वापरलेलं घेताना

दिवसाउजेडी भेटा, स्वतःचं कार्ड आणि चार्ज केलेला मोबाइल घेऊन जा. विकणारा घाई करत असेल तर चहा मागवा.

आधी लेन्स. दोन्ही टोप्या काढा, अ‍ॅपर्चर उघडं ठेवून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. थोडी धूळ दिसणारच, ती सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू किंवा झाडाच्या मुळांसारख्या फांद्या दिसल्या तर ती बुरशी, तिथूनच नमस्कार करून परत या. "साफ होते हो" म्हणतील, होते, पण काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर डाग राहतो आणि साफ करायचा खर्च स्वस्त लेन्सच्या किमतीला जाऊन भिडतो. दुधाळ धुकं दिसलं तरी नको. मग झूमची रिंग कानाजवळ धरून फिरवा, करकर आवाज आला तर आत वाळू आहे, किनाऱ्यावर वापरलेली लेन्स. बॉडीच्या वर फ्लॅश लावायची जागा आणि खाली ट्रायपॉडचा स्क्रू बघा, तिथे गंज असेल तर खारी हवा आतपर्यंत गेली असं समजा. हे पुण्या-मुंबईचा माणूस बघणार नाही, आपण बघायचं.

नंतर बॉडी. शटर काउंट (आजवर किती क्लिक झाले) म्हणजे गाडीचं किलोमीटर. निकॉनच्या फोटोच्या माहितीतच तो आकडा असतो, एक ताजा जेपीईजी काढून शटर काउंट दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवर टाका. कॅननच्या फोटोत तो नसतो, वेगळं सॉफ्टवेअर लागतं, नाहीतर मालकाच्या तोंडावर विश्वास. डी५६०० किंवा ८०डी असल्या बॉडींचं शटर १ लाख क्लिकसाठी टेस्ट केलेलं असतं, डी७२०० चं दीड लाख. लग्नात फिरलेली बॉडी तिथे लवकर पोचते. त्यापुढे लगेच बंद पडतं असं नाही, पण किंमत त्या हिशोबात पाडून मागा.

एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ, ती साफ होते. प्राइम असेल तर एफ १.८ वर पेपरातल्या बातमीवर फोकस करा आणि झूम करून बघा, अक्षरं नेमकी तिथेच तीक्ष्ण हवीत, पुढची किंवा मागची ओळ तीक्ष्ण असेल तर फोकस सरकलेला आहे. साध्या डीएसएलआरमध्ये तो घरी नीट करायची सोय नसते.

आणि शेवटी एक प्रश्न विचारा, "पावसात कुठे ठेवत होता?" लेदरच्या बॅगेत, कपाटात असं उत्तर आलं तर टॉर्च परत एकदा मारा.

पायरी ७ : ओल, म्हणजे दुसरी अट

बुरशीला ओलावा, काळोख आणि कोंदट हवा आवडते, म्हणजे आपल्या कपाटातली बॅग तिच्यासाठी तयार खोली. साठवणीच्या जागी आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास हवी, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची ८०-९० च्या खाली येतच नाही बरेच दिवस.

विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट सगळ्यात बरं, पण ते नंतर. सुरुवातीला रबराची कडा असलेला मोठा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर, हजार-दीड हजारांत बसतं सगळं. काटा ५० च्या वर चढला की जेल तापवून वाळवायचं. रंग बदलणारं जेल घ्या, नारिंगीचं हिरवं झालं म्हणजे भरलं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि आपल्याकडे ते शेवटी स्वयंपाकघरातल्या कढईतच तापवलं जातं. काटा ३० च्या खाली पण नको, रबरं आणि ग्रीस सुकतं.

बाहेरून आणलेली वापरलेली लेन्स आठवडाभर वेगळ्या डब्यात ठेवा. चतुर्थीला ओल्या हाताने कॅमेरा हाताळला असेल तर पुसूनच डब्यात. एसीच्या खोलीतून थेट बाहेर नेला की लेन्सवर धुकं बसतं, त्यामुळे निघण्याआधी अर्धा तास बॅग बंद ठेवूनच बाहेरच्या हवेत ठेवा. माशेलच्या चिखलकाल्याला किंवा किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही, घरून निघतानाच एक लावायची, तिथे प्राइमपेक्षा साधी किट झूमच बरी पडते, आणि वरून प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधायची. किट लेन्सला शिव्या देणारे लोक मी चिखलकाल्यात तिच्यावरच काढताना बघितलेत.

मग बॉडी आधी कधी?

असे लोक आहेत. उडते पक्षी हाच ज्यांचा छंद, किंवा फातोर्ड्याला फुटबॉल काढायचाय, त्यांना सेकंदाला जास्त फ्रेम आणि हलत्या विषयाला धरून ठेवणारा ऑटोफोकस लागतो, तो कॅनन १५००डीच्या ९ फोकस पॉइंट्समध्ये नाही. दुसरे व्हिडिओवाले. कॅनन १५००डीमध्ये ड्युअल पिक्सेल (स्क्रीनवर बघून काढताना लवकर धरणारा) ऑटोफोकस नाही, २००डी आणि ८०डीमध्ये आहे, आणि जुन्या निकॉन डीएसएलआरचा स्क्रीनवरचा फोकस शोधत शोधत पुढे-मागे हलतो, ते व्हिडिओत दिसतं. यूट्यूब किंवा कामासाठी व्हिडिओ करणार असाल तर मिररलेस बॉडीवर आधी पैसे घालणं बरोबर आहे, सोनी झेडव्ही-ई१० किंवा कॅनन आर५० सारखी, आणि किट लेन्सवर वर्ष काढायचं. फक्त रील्स करायच्या असतील तर मोबाइल आणि एक माइक घ्या, कॅमेरा नकोच.

विचार पक्का होत नसेल तर भाड्याने घेऊन बघा. पणजी-मडगावकडे लग्नाचं काम करणाऱ्यांकडे विचारलं तर डिपॉझिट ठेवून दोन दिवसांसाठी लेन्स मिळू शकते. शिगम्याच्या किंवा चवथीच्या आठवड्यात विचारू नका, तेव्हा त्यांनाच लागते.

आणि दोनेक वर्षांनी बॉडी बदलाल तेव्हा जुनी बॉडी किट लेन्ससकट विका, गिऱ्हाईक लवकर मिळतं. प्राइम त्यात घालू नका. गिऱ्हाईक तिचे वेगळे पैसे देत नाही, "सोबत लेन्स पण आहे ना" म्हणून धरतो. वेगळी विकली तर तिचे पैसे येतात, आणि माउंट तोच ठेवलात किंवा अ‍ॅडॉप्टर घेतलात तर विकायची गरजच पडत नाही.